सतरा सेकंद

सुनंदाच्या डोळ्यांची गोष्ट सांगायची तर आधी तिचं काम सांगायला हवं, कारण असं काही काम जगात असतं हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. आपण डॉक्टरकडे जातो, दंड उघडा करतो, डॉक्टर काचेच्या कुपीची मान टक्कन मोडतो आणि सुई भरतो. त्या कुपीत औषधाशिवाय दुसरं काही नाही, काचेचा कण नाही की कापसाचा तंतू नाही, हे आधी कुणीतरी डोळ्यांनी बघितलेलं असतं. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या एका इंजेक्शनच्या कारखान्यात हे बघणाऱ्या बारा बायका होत्या आणि बाराजणींत सुनंदा सगळ्यांत जुनी. शहाण्णव साली तिला तिथे नऊ वर्षं झाली होती.

चिमट्यात दहा कुप्या धरायच्या, उलट्या-सुलट्या करून गरकन फिरवायच्या आणि ट्यूबलाइटखाली आधी पांढऱ्या पाटीसमोर, मग काळ्या पाटीसमोर धरायच्या. आतलं औषध फिरत असतं तेवढ्यातच कण दिसतो. एकदा तळाला बसला की ब्रह्मदेवालाही सापडायचा नाही. म्हणून पापणी मारायची नाही. नवी बाई आली की सुनंदा तिला पहिला धडा हाच द्यायची, "डोळा मिटलास की माल गेला." वरून एसीचं थंडगार, कोरडं वारं सारखं तोंडावर. तो एसी औषधासाठी होता, बायकांसाठी नव्हे, हे सांगायला नकोच.

अशा कामात डोळ्यांचं काय होणार? जळजळतात, खुपतात, संध्याकाळी घरी जाताना आत वाळू गेल्यासारखं होतं. बाराही जणींना होत होतं आणि बाराही जणी गप्प होत्या. त्यालाही कारण होतं. वर्षातून एकदा कारखान्याचा डॉक्टर यायचा आणि बॅटरी मारून डोळे बघायचा. चार वर्षांपूर्वी इंदुबाई नावाच्या बाईनं त्याला खरं ते सांगून टाकलं होतं, की डोळे फार जळतात हो. त्यानं कागदावर लिहिलं, 'दृष्टी अधू', आणि महिन्याच्या आत इंदुबाई घरी बसली. आता ती विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर पापड विकते.

तेव्हापासून बायकांनी एक रीत पाडली. तपासणीच्या दिवशी सकाळी दोन्ही डोळ्यांत एरंडेलाचा एकेक थेंब. लाली उतरते, डोळा तुकतुकीत दिसतो, जळजळ दुपारपर्यंत थांबते. डोळ्यांत तेल घालून काम करावं म्हणतात, ते या बायकांनी फारच मनावर घेतलं होतं. तेल सुनंदाच्या सासूचं. माईंचं माहेर सोनिवलीचं, तिथे बांधावर एरंड. माई स्वतः बिया भाजून, कुटून, पाण्यात उकळून तेल काढायच्या आणि बाटल्या भरून ठेवायच्या. तपासणीच्या आदल्या दिवशी सुनंदा डब्याच्या पिशवीतून बाराजणींचं तेल घेऊन जायची. कारखान्यात बाकी कुणालाही याचा पत्ता नव्हता.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता सुनंदाच्या हातून एक तंतू सुटला. पुढच्या टेबलावर तो दिनानाथ साहेबांना सापडला. हे क्वालिटीचे ऑफिसर, बदलापूरहून स्कूटरवर यायचे, माणूस सरळ. दुसरा असता तर तिथेच झापलं असतं. यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली आणि विचारलं, "सुनंदाताई, डोळ्यांना त्रास होतोय का?"

सुनंदानं खुर्ची जरा मागे घेतली.

"तुमच्या हातून चूक होत नाही, हे मला माहितीये. मॅनेजमेंटशी मी बोललोय. इंदुबाईंसारखं होणार नाही. डोळे खराब झाल्याचं प्रूफ असेल तर त्याच ग्रेडवर पॅकिंगला बदली करतील. फक्त आपल्या डॉक्टरचं ते मानत नाहीत. कॉम्प्युटरचा रिपोर्ट आणा म्हणतात."

"कॉम्प्युटर डोळे बघतो?"

"उल्हासनगरला डॉक्टर चांदवाणींनी नवीन मशीन आणलंय. डोळ्याचे फोटो काढतं आणि डोळा किती सेकंदांत सुकतो ते स्वतःच मोजतं. दहाच्या आत सुकला तर आजार. माणसाचं कुणी ऐकत नाही हो, मशीनचं ऐकतात."

पॅकिंग म्हणजे खोक्यात कुप्या भरायच्या, चिठ्ठ्या लावायच्या. पापण्या हव्या तेवढ्या मारा. सुनंदाला त्या क्षणी रडू यायचं बाकी राहिलं. दोन वर्षं ती सुईत दोरा ओवायला मुलीला हाक मारत होती आणि कुणाला कळू देत नव्हती. आता कुणीतरी आपणहून विचारत होतं. ती म्हणाली, "जाते, साहेब."

आता पुढचं सांगताना मला तिचाही राग येतो आणि कुणाचाच येत नाही.

तपासणीच्या दिवशी सकाळी माईंनी ओट्यावर तेलाची बाटली काढून ठेवली, शेजारी कापसाची वात. दरवर्षी ठेवायच्या तशीच. "डोळ्यांचा डॉक्टर ना गं आज?" एवढंच विचारलं होतं त्यांनी. नवरा श्यामकांत एसटीत कंडक्टर, त्याची पहिली पाळी, त्याला चहा हवा होता. मुलीची वेणी राहिली होती. गॅसवर दूध वर येत होतं. या गडबडीत सुनंदानं मान मागे केली, वात बुडवली, एक थेंब इकडे, एक थेंब तिकडे. दोनदा डोळे मिटून उघडले आणि दूध उतरवायला धावली. दार लावताना कडीला हात जातो, तितक्या सहज ते झालं. ज्या दिवशी दुखणं दिसायला हवं होतं, त्याच दिवशी तिनं ते चार वर्षांच्या सवयीनं झाकून टाकलं.

दवाखाना उल्हासनगरात कॅम्प चारला, खाली कापडाची दुकानं आणि वर डॉक्टर. दिनानाथ साहेब स्वतः सोबत आले होते. मशीनच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं. भिंतीवर झुलेलालची तसबीर, खाली कॉम्प्युटर, त्याच्या कपाळाला कुंकवाचं बोट. डॉक्टर चांदवाणी जाडजूड, हसरे, मराठी-हिंदीची मिसळ बोलणारे.

"बैठो बाई. हनुवटी इथे ठेवा. आत गोल गोल लाइट दिसतो ना? बस, त्याच्याकडे बघायचं. पलक नहीं झपकाना."

सुनंदाला हसू आलं. पापणी मारू नका, हे तिला सांगत होते!

बाजूच्या टीव्हीवर तिचा डोळा दिसायला लागला, परातीएवढा, आणि बुबुळावर त्या उजेडाची एकात एक पांढरी वर्तुळं. डॉक्टर दिनानाथ साहेबांना समजावून सांगत होते, "डोळ्यावर पाण्याचा पडदा असतो. तो ठीक असला तर सर्कल गोल राहणार. सुकायला लागला की सर्कल वाकडं होणार, तुटणार. कॉम्प्युटर एकेक फोटो बघतो. जिथे सर्कल तुटलं, तिथे टाइम बंद."

पाच सेकंद झाले. सात. दहा. वर्तुळं नुकत्याच काढलेल्या रांगोळीसारखी जिथल्या तिथे. आणि तेव्हा, हनुवटी पट्टीवर टेकलेली असताना, सुनंदाला ओट्यावरची बाटली आठवली.

तिला वाटलं, सांगून टाकावं, थांबवा, मी तेल घातलंय. पण मागे दिनानाथ साहेब उभे. ते विचारणार, तेल कशाला? कधीपासून? आणखी कोण कोण घालतं? एक धागा ओढला की अख्खी वीण उसवणार. तिनं हनुवटी तशीच टेकवून ठेवली. बारा. चौदा. सतराव्या सेकंदाला एक वर्तुळ जरासं हललं आणि मशीननं टुंग केलं.

"एकदम फर्स्ट क्लास!" डॉक्टर म्हणाले. प्रिंटर करकरत कागद ओकू लागला.

जिना उतरताना साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. "ताई, मी तुमच्यासाठी शब्द टाकला होता," ते म्हणाले. आवाज चढला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

डोळे नॉर्मल म्हटल्यावर सुटलेल्या तंतूचा दोष कुणाचा? बाईचा. सुनंदाला मेमो मिळाला, नऊ वर्षांतला पहिला, हलगर्जीपणाबद्दल. पुढची चूक झाली की काम बंद. तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण तपासणी विभागाला तासाला दहा मिनिटं डोळे मिटून बसू द्यावं, असा अर्ज दिनानाथ साहेबांनी वर पाठवला होता. तो परत आला आणि त्याला सुनंदाच्या रिपोर्टची झेरॉक्स टाचलेली होती. नऊ वर्षं काम करून बाईचे डोळे सतरा सेकंद टिकतात, मग विश्रांती कशाला? झेरॉक्सची एक प्रत नोटीस बोर्डावर लागली. सुनंदाचा डोळा, वर वर्तुळं, खाली आकडा. रोज कार्ड पंच करताना बाराही जणींना तो बघावा लागायचा.

कुणी तिला बोललं नाही. बोलणार काय? तेल सगळ्यांच्याच डोळ्यांत होतं. फक्त चिमी, वांगणीकडची, बाराजणींत सगळ्यांत लहान, डबा खाताना म्हणाली, "ताय, तू येरंडाल घालून गेलीस ना?" सुनंदानं मान हलवली. "सवय गं." चिमीनं आपल्या डब्यातली वालाची भाजी तिच्या भाकरीवर वाढली आणि तो विषय संपला. त्या दिवसापासून सुनंदाचा ट्रे पुढे जायच्या आधी चिमी स्वतःजवळ ओढायची आणि पुन्हा एकदा बघायची. स्वतःचं काम सांभाळून. महिन्याभरात तिला त्यात कण सुटलेल्या पाच कुप्या सापडल्या. तिनं त्या गुपचूप रद्द मालाच्या लाल ट्रेमध्ये टाकल्या, पण पाच हा आकडा सुनंदाला कळलाच. तिला झोप येईना. आज चिमी आहे. उद्या चिमी रजेवर गेली तर ती काच कुणाच्या दंडात जाईल?

एकदा विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर ती इंदुबाईपाशी थांबली. "सगळं सांगून टाकू का साहेबांना? तेलाचं वगैरे?"

इंदुबाईनं पापडांवरचं फडकं सारखं केलं. "मी सांगितलंच होतं की बाई खरं," ती म्हणाली. तिचे डोळे अजून लालच होते.

जानेवारीत नोटीस लागली. या वर्षी कारखान्याच्या डॉक्टरची बॅटरी बंद. बाराही जणींची तपासणी चांदवाणींच्या कॉम्प्युटरवर, कंपनीच्या बसनं न्यायचं. सुनंदाला वाटलं, देवानं आपली चूक सुधारायला दार उघडलं. दुपारच्या सुट्टीत तिनं सगळ्यांना पाण्याच्या टाकीमागे गोळा केलं.

"या खेपेला कुणीच तेल घालायचं नाही. एकीचे डोळे खराब निघाले तर एकीला काढतील. बाराच्या बारा खराब निघाल्या तर बाराजणींना काढून माल कोण बघणार? मॅनेजर?"

बायका हसल्या. बोलणं पटण्यासारखंच होतं. दोघींनी तर पोरांच्या शपथा घेतल्या. चिमीनं तिचा हात धरून सांगितलं, "नाय घालनार, ताय. आयची आन."

घरी सुनंदानं माईंना सगळं समजावलं. माईंनी तेलाची बाटली उचलून उजेडाला धरली. "म्हणजे माझ्याच तेलानं घात केला म्हण," त्या म्हणाल्या आणि त्यांनी बाटली फडताळात मागे, लोणच्याच्या बरणीआड ठेवून दिली.

तपासणीच्या सकाळी सुनंदानं डोळ्यांना पाणीसुद्धा लावलं नाही. बसमध्ये चढली तेव्हा तिचे डोळे निखाऱ्यासारखे जळत होते आणि कितीतरी दिवसांनी तिला त्याचं बरं वाटत होतं. ती पहिल्या बाकावर बसली. बस फाटकाबाहेर पडली, खिडक्या लावल्या गेल्या आणि मग तो वास आला. भाजलेल्या बियांचा, जडसर. माईंच्या हातचा तो वास तिनं हजारांतून ओळखला असता.

तिनं मागे वळून बघितलं. अकरा तोंडं खिडकीबाहेर बघत होती. चिमीच्या पापण्या एकमेकींना चिकटून टोकदार झाल्या होत्या. गेल्या वर्षीचं उरलेलं तेल घराघरांत होतंच की. सुनंदाला वाटलं ओरडावं. पण चिमीचा बाप बारवीकडच्या जंगलात लाकडं तोडताना पडून घरी बसलेला, घरात मिळवती ती एकटी. बाकीच्यांचं थोडंफार असंच. घाबरलेल्या माणसाची शपथ ती किती वेळ टिकणार? ती पुन्हा पुढे बघत बसली.

तिचा नंबर शेवटी लागला. अकराजणी आत जाऊन बाहेर आल्या. सोळा, अठरा, वीस. डॉक्टर खुशीत होते. सुनंदानं हनुवटी पट्टीवर ठेवली.

टीव्हीवर वर्तुळं आली. एक, दोन, तीन, आणि सगळ्यांत आतलं वर्तुळ तुटलं. टुंग.

तिनं श्वास सोडला. दिसलं. अखेर कुणाला तरी दिसलं.

"तीन?" डॉक्टरांनी चष्मा वर केला. "असं कसं? बाई, पलक झपकाई तुम्ही."

"नाही झपकवली."

"लास्ट टाइम सतरा होते. आज सगळ्यांचे पंधराच्या वर. एकदम तीन कुठून येणार? परत बघा."

परत तीन. डॉक्टरांनी काच पुसली, दिवा हलवला. दारात उभे असलेले दिनानाथ साहेब पुढे आले. "ताई," ते हळू आवाजात म्हणाले, "मुद्दाम पापणी मारून काही उपयोग नाही. मशीनला कळतं ते."

नऊ वर्षं जिनं पापणी मारली नाही, तिला हे ऐकावं लागलं. आणि ते साहेबांच्या तोंडून.

"डॉक्टर, तुम्ही स्वतः बघा ना. तुमच्या डोळ्यांनी बघा. तीनच आहे ते," ती म्हणाली.

डॉक्टरांचा चेहरा क्षणभर पडला. "मी बघेन हो बाई. बीस साल तेच केलं. पण माझं बघणं तुमची कंपनी मानत नाही ना, याचं मानते." त्यांनी कॉम्प्युटरवर टिचकी मारली. "वन लास्ट टाइम. शांत बसा. डोळे मोठे करा."

तिनं डोळे मोठे केले. आग आग होत होती. कडांशी पाणी जमायला लागलं. थांबवावं म्हणून तिनं दात आवळले, पण मग तिला टाकीमागे हसणाऱ्या बायका आठवल्या, लोणच्याच्या बरणीआडची बाटली आठवली, साहेबांचं ते 'मुद्दाम' आठवलं, आणि आतून कढ आला तो आलाच. ती हुंदका देत नव्हती, हलत नव्हती, पापणी तर मारतच नव्हती. नुसते डोळे भरून आले, वाहायला लागले, आणि टीव्हीवरची वर्तुळं त्या पाण्याखाली पुन्हा गोल झाली. पाच. दहा. पंधरा. कॉम्प्युटर एकेक फोटो बघत राहिला.

टुंग.

"नाइंटीन!" डॉक्टर म्हणाले. "बघा, आता कसं आलं! उगाच घाबरता तुम्ही लोक."

प्रिंटर करकरला. साहेबांनी कागद टेबलावर ठेवला. फोटोखाली छापलं होतं, 'दोन्ही डोळे नॉर्मल, कामास योग्य', आणि त्याखाली कर्मचाऱ्याच्या सहीची जागा. सुनंदानं पेन हातात घेतलं. डोळे अजून वाहत होते आणि कागदावरच्या ओळी एकमेकींत मिसळल्या होत्या. ती कागद जवळ नेत होती, लांब नेत होती. साहेब खिडकीबाहेर बघत उभे होते. शेवटी दारातून चिमी आत आली. तेलानं चिकटलेल्या पापण्या तिनं वर केल्या नाहीत. तिनं सुनंदाचा हात धरला, पेनाचं टोक नेमक्या रेघेवर टेकवलं आणि म्हणाली, "हितं, ताय. हितं कर."